.३०-०६ नंतर कोणती? .३३८, ९.३×६२ आणि .३७५

प्रश्न : माझ्याकडे .३०-०६ काडतुसाची रायफल आहे. १८० ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळीने हरणवर्गातली शिकार बरीच वर्षं करतो आहे. परवाना, हंगाम, सगळं रीतसर. पुढच्या हंगामात मूस (थंड प्रदेशातलं अवाढव्य हरण) आणि त्यानंतर आफ्रिकेत ईलँड (तिथलं मोठं हरण) ठरलं आहे. केप बफेलोचं नक्की नाही, पण मनात आहे. बहुतेक बार झाडोऱ्यातले, दोनशे मीटरच्या आतले असतील. मित्राची .३३८ विंचेस्टर मॅग्नम चालवून पाहिली. दुर्बिणीसकट सव्वातीन किलोच्या आत बसणारी, फायबरच्या दस्त्याची हलकी रायफल आहे ती. तिसऱ्या-चौथ्या बारानंतर चाप ओढताना माझे डोळे आपोआप मिटू लागले. क्लबातले निम्मे लोक म्हणतात, .३७५ एच अँड एच घे आणि बाकी विसर. एक जण ९.३×६२ सुचवतो, पण ते शंभर वर्षांपूर्वीचं काडतूस, आणि तक्त्यात त्याची ऊर्जाही कमी दिसते. .३५ व्हेलन आणि .३७५ रुगर ही नावंही कानावर येतात. दुसरी रायफल एकदाच घेणार आहे. काय घेऊ?

उत्तर : बफेलो यादीत आहे की नाही, हे आधी ठरवा. असेल तर .३७५ एच अँड एच. नसेल तर ९.३×६२. .३३८ उत्तम काडतूस आहे, पण ते ज्या कामासाठी आहे ते काम तुमच्या पत्रात कुठेच नाही. आणि ९.३×६२ च्या वयाबद्दल म्हणाल, तर ते १९०५ चं आहे आणि तुमची .३०-०६ १९०६ ची. म्हाताऱ्या काडतुसाने तुमचं आजवर काही अडलेलं दिसत नाही.

आता तुम्ही पाहिलेल्या तक्त्याकडे येऊ. नळीच्या तोंडाशी साधारण आकडे असे निघतात : .३५ व्हेलन, २५० ग्रेन, सेकंदाला ७३० मीटर, ४३०० ज्यूल. ९.३×६२, २८६ ग्रेन, ७२० मीटर, ४८०० ज्यूल. .३३८ विन मॅग, २५० ग्रेन, ८०५ मीटर, ५२५० ज्यूल. .३७५ एच अँड एच, ३०० ग्रेन, ७७० मीटर, ५८०० ज्यूल. .३७५ रुगर, ३०० ग्रेन, ८१० मीटर, ६४०० ज्यूल. हे आकडे बहुधा २४ इंची नळीचे असतात. नळी इंचाने कमी झाली की सेकंदाला सहा ते नऊ मीटर गेले असं धरा, म्हणजे २० इंची रुगर तक्त्यातल्या रुगरपेक्षा बरीच मवाळ निघते.

ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे वेगवान गोळी कागदावर नेहमीच भारी दिसते. पण जनावर ज्यूलने मरत नाही. हृदयातून, फुफ्फुसांतून किंवा मज्जारज्जूतून आरपार गेलेल्या भोकाने मरतं. ते भोक किती खोल जाईल हे ठरतं गोळीच्या बांधणीवर आणि तिच्या जाडीच्या मानाने असलेल्या वजनावर. या दुसऱ्या गोष्टीला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. तुमच्या १८० ग्रेनच्या गोळीची ती .२७१ आहे. व्हेलनच्या २५० ग्रेनची .२७९, .३३८ च्या २५० ग्रेनची .३१३. आणि ९.३ ची २८६ ग्रेन व .३७५ ची ३०० ग्रेन या दोघींची अगदी सारखीच, .३०५. एकाच बनावटीच्या या दोन गोळ्या एकाच जागी बसल्या, तर आत काय झालं हे पाहून कोणती कुठल्या रायफलीतून सुटली ते ओळखणं अनुभवी माणसालाही जड जाईल.

क्लबात ऐकलेल्या दोन समजुती इथेच सोडून द्या. एक म्हणजे मोठ्या बोअरची (जास्त व्यासाच्या नळीची) गोळी जनावराला 'पाडते'. गोळी जेवढा संवेग जनावराला देते, त्याहून थोडा जास्तच तुमच्या खांद्याने सोसलेला असतो. त्याने ऐंशी किलोचा माणूस पडत नाही, तर पाचशे किलोचा मूस कसा पडेल? फुफ्फुसांतून गोळी गेलेला मूस पुष्कळदा काही झालंच नाही असा उभा राहतो. तो पडेपर्यंत बोल्ट (रायफल पुन्हा भरणारा दांडा) ओढून पुढची गोळी मारत राहायचं. दुसरी समजूत, जड गोळी झुडपातून सरळ जाते. जात नाही. काटकीला घासली की तीही वळते, फार तर किंचित कमी. मध्ये फांदी असेल तर बार करायचा नाही, काडतूस कुठलंही असो.

.३३८ ची खरी कमाई सपाट मार्गात आहे. २२५ ग्रेनची गोळी ८५० मीटरच्या वेगाने, २०० मीटरवर झीरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमाच्या जागी लागेल अशी दुर्बीण बसवलेली : १०० मीटरवर साडेसहा सेंटिमीटर वर, २५० वर ११ खाली, ३०० वर २८ खाली. ९.३ ची २८६ ग्रेन १७५ मीटरवर झीरो केली तर १०० वर सात सेंटिमीटर वर, २०० वर सहा खाली, २५० वर २५ खाली आणि ३०० वर अर्धा मीटर खाली. उघड्या डोंगरउतारावर तीनशे मीटरचे बार रोजचे असतील, तर .३३८ च्या बाजूने हे वजनदार कारण आहे. दोनशे मीटरच्या आत मात्र दोघींच्याही नेमात काहीच बदल करावा लागत नाही. .३७५ एच अँड एचचा ३०० ग्रेनचा मार्गही ९.३ सारखाच आहे. त्याच झीरोवर २५० मीटरपर्यंत चारेक सेंटिमीटरचा फरक. तुमच्या श्वासाने दुर्बिणीतला क्रॉस त्याहून जास्त हलतो.

काडतुसावर जेवढी चर्चा होते तिच्या निम्मी जरी गोळीवर झाली, तर जखमी होऊन हातची गेलेली जनावरं कमी होतील. साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं पातळ कवच. .३०-०६ च्या वेगाला, बारीक हरणावर ती छान काम करते. तीच बनावट .३३८ मध्ये भरून पन्नास मीटरवरच्या मूसच्या खांद्यावर मारली तर आदळतानाचा वेग आठशेच्या आसपास असतो. गोळी पहिल्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्येच फुलते, कवच सोलून निघतं, शिसं विखुरतं. बाहेरून भयंकर जखम दिसते, पण पलीकडचं फुफ्फुस शाबूत राहतं आणि जनावर दूरवर निघून जातं. मग काडतुसाला दोष देतात. म्हणून वेग जितका जास्त तितकी गोळी कडक हवी, आणि मध्यम वेगाच्या ९.३ ला हा त्रास मुळात कमी. तिच्या चांगल्या नावाचं निम्मं श्रेय या मध्यम वेगालाच आहे.

तुमच्या कामाला तीन प्रकार चालतील. नॉस्लर पार्टिशन किंवा स्विफ्ट ए-फ्रेम : पोटात आडवी भिंत असते, पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून पुढे घुसतो. बाँडेड, म्हणजे शिसं कवचाला जोडलेलं, जसं नॉर्मा ओरिक्स. आणि अख्ख्या तांब्याची, जसं बार्न्स टीएसएक्स. तांब्याच्या गोळीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. ती वजन गमावत नाही, म्हणून शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलकी घ्यायची : ९.३ मध्ये २८६ ऐवजी २५० ग्रेन, .३७५ मध्ये ३०० ऐवजी २७०. कारण दुहेरी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमधली (काडतुसाच्या पितळी नळकांड्यातली) दारूची जागा खाते. शिवाय अशा गोळीला फुलायला आदळताना सेकंदाला साधारण ५५० मीटर तरी वेग लागतो. ७२० ने निघालेली २८६ ग्रेन तीनशे मीटरच्या अलीकडेच त्याखाली येते आणि मग पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते.

आता खांद्याबद्दल. डोळे मिटू लागले हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण पुष्कळ लोक ते लपवतात आणि मग दुर्बिणीला नावं ठेवतात. मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा मोजली तर ३.६ किलोच्या .३०-०६ मध्ये ती सुमारे ३० ज्यूल भरते. ३.८५ किलोच्या ९.३×६२ मध्ये ४५. तेवढ्याच वजनाच्या .३३८ मध्ये, २५० ग्रेनला, ५०. ४.१ किलोच्या .३७५ एच अँड एचमध्ये ६०. आणि तुमच्या मित्राच्या ३.२ किलोच्या .३३८ मध्ये? तीही साठच. म्हणजे तुम्ही .३७५ चा धक्का खाऊन .३३८ बद्दल मत बनवलं आहे. उलट बाजूने पाहिलं तर योग्य वजनाची .३७५ तुम्हाला त्याहून वाईट वाटणार नाही, आणि तिचा धक्का थोडा संथ, ढकलल्यासारखा येतो. मात्र योग्य वजनाची .३३८ घेतलीत तरी तुम्ही तीनशे मीटरच्या सपाट मार्गाची किंमत खांद्याने मोजाल आणि तो मार्ग कधी वापरणारच नाही.

म्हणून काडतूस कुठलंही घ्या, रायफल हलकी घेऊ नका. दुर्बीण आणि भरलेलं मॅगझिन धरून ९.३ साठी चार किलोच्या आसपास, .३७५ साठी सव्वाचार ते साडेचार. दस्त्यामागे जाड, मऊ रबराची गादी. दस्ता इतकाच लांब की जाड जाकीट घातलं तरी खांद्यात अडकू नये. दुर्बीण १-६ पटीची पुरे, पण डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर दूरून पूर्ण चित्र देणारी हवी. नाहीतर चढावर बसून केलेल्या पहिल्याच बारात तिची कड भुवईत बसते. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावून धक्का नक्कीच घटतो, पण आवाजाचा मारा बाजूला आणि मागे वळतो. शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याच्या कानाची तुम्ही वाट लावता, आणि घाईच्या वेळी कानाला संरक्षण लावायला कुणालाच सवड नसते. ब्रेक सरावापुरता ठेवा. तो काढल्यावर मात्र झीरो पुन्हा तपासा, गोळी बहुधा सरकलेली असते.

दचकण्यावर एक जुना उपाय आहे आणि तो लागू पडतो. सोबत्याला मॅगझिन भरायला सांगा : खऱ्या काडतुसांत मधूनमधून निर्जीव सरावाचं काडतूस, क्रम तुम्हाला न सांगता. निर्जीव काडतुसावर चाप ओढला की नळी खाली झुकलेली दोघांनाही दिसते. झुकली की पुढचे दहा सराव निर्जीव काडतुसावरच. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून फक्त झीरो करा आणि उठा, कारण बाकावर बसलेलं शरीर मागे सरत नाही आणि सगळा धक्का खांद्याच्या हाडात जातो. रायफल जखडून ठेवणारा स्लेड तर टाळाच; त्यात धक्क्याला वाट न मिळून दस्ता तडकू शकतो. उरलेला सराव उभं राहून, तिकाटण्यावरून. एका बैठकीत जोरदार काडतुसांचे दहा-बारा बार, त्याहून जास्त नाहीत. बाकी सराव .३०-०६ ने किंवा .२२ ने केला तरी चालतो.

रायफलीच्या यंत्राची बाजू क्लबातल्या गप्पांत सहसा येत नाही, पण पैसे तिथेच खर्च होतात. ९.३×६२ हे बर्लिनचे बंदूककार ओटो बॉक यांनी मुद्दाम नेहमीच्या माऊझर ९८ रायफलीत बसेल असं आखलं. म्हणून ते .३०-०६ च्या लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे भरण्या-उडवण्याच्या यंत्रात, आणि बोल्टच्या जवळपास त्याच तोंडावर चालतं. केसमध्ये जागा मात्र .३०-०६ पेक्षा बरीच जास्त. मॅगझिनमध्ये चार-पाच काडतुसं आरामात बसतात. .३७५ एच अँड एचची केस २.८५० इंच आणि पूर्ण काडतूस ३.६ इंच, म्हणजे खास लांब मॅग्नम अ‍ॅक्शन लागते. ती महाग, जड, आणि बोल्ट पूर्ण मागे ओढायची सवय लागते. .३०-०६ वर हात बसलेले लोक घाईत बोल्ट अर्धवट ओढतात, रिकामी केस पडते पण नवं काडतूस उचललंच जात नाही. बफेलोसमोर हे परवडणारं नाही, म्हणून .३७५ घेतलीत तर निर्जीव काडतुसांवर बोल्टचा सराव रोज करा, रायफल खांद्यावरून न काढता.

त्या लांब, निमुळत्या केसचा आणि तिच्या उतरत्या खांद्याचा (केस मानेकडे अरुंद होते तो भाग) फायदा असा की ती चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीत) लोण्यासारखी सरकते, आणि उन्हात तापलेली असतानाही सहसा अडकत नाही. तळाशी असलेल्या पट्ट्याने ताकद वाढते हा मात्र गैरसमज आहे. खांदा इतका उतरता की काडतूस चेंबरमध्ये टेकायला दुसरा आधार हवा होता, म्हणून तो पट्टा आला. .३३८ ला तो वारशाने मिळाला. तिच्या खांद्याला त्याची गरज नव्हती. काडतुसं घरी भरत असाल तर पट्ट्याच्या लगेच पुढे पितळ ताणून पातळ होतं. टोक वाकवलेली तार केसमध्ये घालून आतून फिरवा. तिथे खाच लागली की ती केस फेकायची, नाहीतर कधीतरी बुडखा निघेल आणि पुढचा तुकडा चेंबरमध्येच राहील. डाय (केसला पुन्हा आकार देणारा साचा) पूर्ण खाली न बसवता खांदा केवळ पाच शतांश मिलिमीटर मागे जाईल इतकाच लावा, म्हणजे केस जास्त वेळा भरता येते.

व्हेलन आणि रुगरबद्दल थोडक्यात. .३५ व्हेलन म्हणजे .३०-०६ ची केस .३५८ इंची गोळीसाठी मानेत रुंदावलेली. १९२२ पासून आहे, मूस-एल्कला झकास, धक्का या सगळ्यांत सौम्य. तुमच्याच .३०-०६ ला नवी नळी बसवून घेता येते. पण जुन्या काही कारखानी रायफलींत नळीच्या आतल्या खाचांना १६ इंचांत एक फेरा इतका मंद पीळ आहे. तांब्याच्या लांब गोळ्या त्यातून स्थिर जात नाहीत. १४ किंवा १२ इंची पीळ पाहूनच घ्या. .३७५ रुगर २००७ ची, बिनपट्ट्याची, .३०-०६ च्या लांबीत बसते आणि एच अँड एचपेक्षा जोरदार. कल्पना म्हणून ती सरस आहे. पण ३.८५ किलोच्या रायफलीत तिचा धक्का सत्तर ज्यूलच्या जवळ जातो, आणि सामान हरवलं तर दूरच्या शिकारतळावर एच अँड एचचा डबा मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

राहिला बफेलो. इथे मतं बाजूला ठेवा, कारण कायदाच बोलतो. नामिबियात बफेलोसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५४०० ज्यूल लागतात. झिंबाब्वेत किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५३०० ज्यूल. ९.३×६२ चं नेहमीचं काडतूस ४८०० वर थांबतं, म्हणजे झिंबाब्वेत व्यासाने पास आणि ऊर्जेत नापास. .३३८ चा व्यास ८.६, ती दोन्हीकडे बाद. .३७५ एच अँड एच जवळपास सगळीकडे चालते. अनेक ठिकाणी तर किमान मर्यादाच तिच्यावरून ठरलेली आहे. सफारीचा करार करण्यापूर्वी त्या प्रदेशाचा चालू नियम लेखी मागवा. ईलँडचा प्रश्न नामिबियात तरी असा येत नाही : तिथे त्याला २७०० ज्यूल पुरतात, तुमची .३०-०६ सुद्धा ३९०० देते. खरं तर मूससाठी १८० किंवा २०० ग्रेनच्या बाँडेड गोळीसह तुमची आताची रायफलही पुरेल. म्हणून बफेलोचा निर्णय एक हंगाम लांबला तरी खरेदी थांबवायला हरकत नाही.

ईलँडवर नेम धरताना त्याच्या उंचीने फसू नका. मोठा नर सात-आठशे किलोचा, पाठ उंच, गळ्याखाली लोंबती पोळी. डोळा आपोआप मध्यावर जातो आणि गोळी वर बसते. पुढच्या पायाच्या मागच्या कडेची रेषा धरा आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर मारा. तिरपा उभा असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी निघेल असा हिशेब करा. २८६ ग्रेन तेवढं सहज कापते.

रायफल हातात आल्यावर मॅगझिन पूर्ण भरा, वरच्या काडतुसाचा बार करा आणि असं तीन-चारदा करून तळाचं काडतूस बाहेर काढून पाहा. शिशाचं उघडं टोक पुढच्या भिंतीवर आपटून चपटं झालं असेल तर एकवेळ चालेल. गोळी केसमध्ये मागे सरकली असेल तर ते काडतूस बाद आणि तो डबा परत. गोळीच्या खाचेत केसचं तोंड आवळलेली काडतुसं घ्या, म्हणजे हा त्रास होत नाही. आणि ९.३ किंवा व्हेलन घेतलीत तर तुमची .३०-०६ ची काडतुसं त्याच खिशात, कमरेच्या त्याच पट्ट्यात कधीही ठेवू नका. .३०-०६ चं काडतूस व्हेलनच्या चेंबरमध्ये बसतं आणि उडतंही. बारीक गोळी रुंद नळीतून खुळखुळत जाते आणि केसची मान फाटते. शिकारीला निघताना एकच रायफल, एकाच प्रकारची काडतुसं, आणि डब्यातून काढताना प्रत्येकाच्या बुडावरचा शिक्का वाचून घ्यायचा.